पत्राला दारातून वाट हवी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासद व कुटुंबीयांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत आपण काय काय केलं, ते अध्यक्षांनी सविस्तर सांगितलं. रस्ते, नळ, झाडं, मंदिराचा ओटा, सगळं आलं त्यात. मला मंडळानं सांगितलं, "काका, तुम्ही पुढचं काहीतरी बोला." पुढचं म्हणजे सोलर, कॅमेरे, चार्जिंग स्टेशन असं काही तुमच्या मनात असेल. मी मात्र एका दहा इंच लांब आणि दीड इंच रुंद फटीबद्दल बोलणार आहे. घराच्या दाराला किंवा फाटकाला पत्र टाकण्यासाठी ठेवायची फट. हसू नका. आयुष्यभर बँकेत कागद सांभाळले, त्यामुळे कागद कुठं पडतो याची मला काळजी असते.

आधी हे बघा, आपल्या भागात अशी फट नव्हतीच. का नव्हती? कारण दार बंदच नव्हतं. निलंग्यातले जुने वाडे आठवा. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, पुढं ढाळज. सकाळी कडी निघायची ती रात्री निजताना लागायची. पोस्टमन ढाळजेत यायचा, हाक मारायचा, पाणी प्यायचा, वाचता न येणाऱ्याला पत्र वाचूनही दाखवायचा. पत्र माणसाच्या हातातून माणसाच्या हातात जायचं. तिथं फटीचं काय काम?

आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. निलंगा तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. हैदराबाद संस्थानाचं टपालखातं स्वतःचं, तिकिटं स्वतःची. त्यांच्या जुन्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, मराठी आणि तेलुगू अशा चार लिप्या असायच्या. संस्थान विलीन झाल्यावर १९५० साली ते खातं भारतीय टपालात मिसळलं. १९५६ ला आपण बिदरमधून उस्मानाबाद जिल्ह्यात आलो आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाला. पत्त्यातला जिल्हा दोनदा बदलला, पण दार उघडं होतं तोवर पत्र पोचत राहिलं.

मग १९९३ चा ३० सप्टेंबर आला. त्यावर मी जास्त बोलत नाही, इथं प्रत्येक घरात कुणी ना कुणी त्यात गेलेलं किंवा त्यातून वाचलेलं आहे. एवढंच सांगतो, की त्या पहाटेनंतर आपण घर बांधायची रीतच बदलली. माळवद गेलं, आरसीसी आलं. वाड्याच्या जागी प्लॉट, प्लॉटला कंपाउंड, कंपाउंडला लोखंडी फाटक, मग जाळीचं सेफ्टी डोअर, मग मुख्य दार. पत्राच्या वाटेत आता तीन दारं आहेत, आणि त्याच्यासाठी जागा तिन्हीत नाही.

त्यामुळे पोस्टमन काय करतो? फाटकातून हात घालून पत्र आत भिरकावतो. त्याचा दोष नाही, त्याला अजून सगळी गल्ली करायची असते. मग ते पत्र तुळशीपाशी पडतं, नाहीतर गाडीखाली. जूनमध्ये भिजतं, मार्चमध्ये वाऱ्यानं शेजारच्या अंगणात जातं. आपल्याच गल्लीत एका घरी वासरानं लिफाफा अर्धा खाल्ला होता. उरलेल्या अर्ध्यावरून तो कुणाचा, हे आम्ही तिघांनी मिळून शोधलं!

तरुण मंडळी म्हणतील, "आजोबा, आता पत्र येतं कुणाला? सगळं मोबाईलवर येतं." ख्यालीखुशालीचं पत्र येत नाही, मान्य. पण आता जे येतं, ते नेमकं महत्त्वाचं असतं. एटीएम कार्ड येतं. चेकबुक येतं. आधारचं पत्र, पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, विम्याचे कागद. आणि कोर्टाच्या व बँकेच्या नोटिसा.

नोटिशीचं मी जरा विस्तारानं सांगतो, कारण हे माझं क्षेत्र. चेक परत गेला, की कलम १३८ खाली नोटीस जाते. ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. कर्ज थकलं आणि तारण घर असलं, तर सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस जाते, तिची मुदत ६० दिवसांची. आता कुणी म्हणेल, "मला मिळालीच नाही." कायदा एवढ्यावर सोडत नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टचं कलम २७ सांगतं, की पत्ता बरोबर लिहून, टपालखर्च भरून रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचलं असंच धरायचं. १८९८ च्या जुन्या टपाल कायद्यातही घरी दिलेलं पत्र म्हणजे त्या माणसाला दिलेलं पत्र, असंच होतं. म्हणजे कागद तुमच्या घरी आला की कायद्याचं घड्याळ सुरू. तो तुळशीत पडला की तुमच्या हातात, हे घड्याळ विचारत नाही.

कुणी म्हणेल, रजिस्टर पत्राला सही लागते, ते फटीत कसं टाकणार? बरोबर आहे. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तरी सहीचं टपाल सहीनंच मिळतं. पण घरी कुणी नसलं तर पोस्टमन सूचनेची चिठ्ठी ठेवतो, की तुमचं टपाल आलं आहे, ऑफिसात येऊन घ्या. ती चिठ्ठी तळहाताएवढी. ती उडाली, की पत्र ठरावीक दिवस पोस्टात थांबतं आणि आल्या वाटेनं परत जातं. फट त्या चिठ्ठीसाठी सगळ्यात जास्त लागते.

हा प्रश्न काही फक्त आपला नाही. लंडनमध्ये १८४९ साली टपालखात्यानं लोकांना दाराला फट पाडा म्हणून सांगितलं. तेव्हा लंडनडेरीचे मार्क्विस संतापले. माझ्या महोगनीच्या दाराला मी चीर पाडावी काय, असा त्यांचा सवाल. आपल्याकडे सागवानी दाराला हात लावू न देणारे जे आहेत, त्यांना हा पूर्वज लंडनमध्ये सापडेल. अमेरिकेत असा हिशेब निघाला, की पोस्टमनचा रोजचा अर्धा-एक तास नुसता दारं वाजवून उभं राहण्यात जातो. मग १ मार्च १९२३ पासून नियम झाला : फट किंवा पेटी नसेल तर घरपोच टपाल नाही. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या उंच इमारतींना तळमजल्यावर टपालपेट्या ठेवायचा नियम असतो. बैठ्या घरांच्या वसाहतीत मात्र ज्यानं त्यानं आपलं बघायचं.

तर ही फट कशी असावी? मी सुतार नाही, पण दोन सुतारांशी आणि एका वेल्डिंगवाल्याशी बसून बोललो आहे.

पहिलं, माप. पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर बाय ९. ऑफिसचा लांब लिफाफा साधारण २३ बाय ११. दिवाळी अंक दुमडला तर बऱ्यापैकी जाड होतो. या सगळ्यांना पुरेल अशी लांबी दहा इंच आणि रुंदी दीड इंच. युरोपातल्या ठरावीक मापातही फट २३ ते २८ सेंटिमीटर लांब आणि ३ ते साडेतीन सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे आपला हिशेब फार चुकत नाही. याहून रुंद करू नका, नाहीतर पत्राबरोबर हातही आत जाईल.

दुसरं, उंची. जमिनीलगत नको. पोस्टमनला शंभर घरी शंभर वेळा वाकावं लागतं, शिवाय खालच्या फटीतून विंचू-गोम निमंत्रणाशिवाय येतात. युरोपात ७० सेंटिमीटर ते १७० सेंटिमीटरच्या मधे ठेवतात. आपण जमिनीपासून साडेतीन फूट धरू. सायकलवर एक पाय टेकवून बसलेल्या माणसाचा हात तिथं सहज पोचतो.

तिसरं, कडीपासून लांब. हे सगळ्यात महत्त्वाचं. फट आतल्या कडीच्या किंवा लॅचच्या शेजारी पाडली, तर चोराला वाकडी तार घालून कडी काढता येते. निदान हातभर अंतर ठेवा, आणि आतून पेटी किंवा झाकण बसवा, म्हणजे तार सरळ जाणारच नाही. बाहेरून डोळा लावला तर घरात कोण आहे, तेही दिसणार नाही.

चौथं, दाराची जात. सागवानी तावदानी दार असेल तर मधल्या जाड आडव्या पट्टीत सांधे असतात, तिथं करवत लावू नका, दार खिळखिळं होतं. फ्लश दार असेल तर कापलेल्या कडेला पट्टी आणि रंग लागलाच पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात पाणी पिऊन दार फुगतं. माझं स्वतःचं मत विचाराल, तर आपल्या घरांना मुख्य दारापेक्षा फाटकाचा खांब किंवा फाटकच बरं. पोस्टमनला आत यायला नको आणि दाराला भोक पाडायला नको.

पाचवं, फाटकावरची पेटी. जाड पत्र्याची, फटीवर पुढं आलेली पागोळीसारखी पट्टी, फटीला वरून बिजागरी लावलेली झडप. झडप हलकी हवी, पण वाऱ्यानं वाजायला नको. तळाला एका कोपऱ्यात दोन सुताचं छिद्र, म्हणजे चुकून आलेलं पाणी निघून जाईल. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून-नैऋत्येकडून येतो, ज्यांचं फाटक त्या तोंडाला आहे त्यांनी पट्टी जरा लांब ठेवावी. पेटीचं दार आतल्या बाजूनं, त्याला छोटं कुलूप. किल्ली कुणाकडे, हे घरात बसून ठरवा. सुनेचं पत्र सासऱ्यानं फोडायचं नाही, आणि सासऱ्याचं मुलानं, एवढी शिस्त त्या किल्लीबरोबर आली पाहिजे.

सहावं, आणि माझ्या मते खरं. पेटीवर नावं. आपल्या पाट्या बघा. घरमालकाचं नाव, त्याची पदवी, फार तर बंगल्याचं नाव. पण त्या घरात राहणाऱ्या बाईचं नाव? वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं नाव? शिकायला आलेल्या भाचीचं नाव? बँकेत असताना मी परत आलेले लिफाफे पाहिले आहेत. "या नावाची व्यक्ती येथे राहत नाही" असा शेरा. व्यक्ती तिथंच राहत असते, तीस वर्षं, फक्त पाटीवर नसते. नवरा असेपर्यंत सगळं "साहेबांच्या घरी" म्हणून पोचतं. तो गेला, की फॅमिली पेन्शनचा कागद, नवीन पासबुक, नवीन कार्ड तिच्या नावानं येऊ लागतं, आणि बदलून आलेल्या नव्या पोस्टमनला ते नाव कुठंच दिसत नाही. एक कागद परत गेला, की त्या बाईचे दोन महिने हेलपाट्यात जातात. कुणाला तरी बरोबर घ्या, रिक्षा करा, रांगेत उभं राहा. म्हणून पेटीवर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव लिहा. बायकांची नावं आधी लिहिली तरी माझी हरकत नाही.

नावाखाली पूर्ण पत्ता आणि पिन. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं. ते टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. देशात एकाच नावाची गावं अनेक, लिप्या अनेक, अक्षर कुणाचं कसं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. आपल्या तालुक्यात औराद शहाजानी, आणि तिकडं बिदर जिल्ह्यात आणखी एक औराद. नुसतं "औराद" लिहिलं तर पत्रानं जायचं कुठं? आपला पिन ४१३५२१. पहिला ४ आपला पश्चिमेकडचा विभाग, सोलापूर-धाराशिव-लातूरकडं बहुतेक ठिकाणी ४१३ दिसेल, आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या पोस्टाचे. सहा आकडे पत्र निलंग्यापर्यंत आणतात. पुढं आपल्या दारापर्यंत आणायला घर क्रमांक लागतो. "निळकंठेश्वर मंदिराकडून येताना डावीकडे" हा पत्ता पाहुण्याला चालतो, एटीएम कार्डाला चालत नाही.

आता हे सोसायटीचं काम का? ज्याचं त्यानं करावं की. करावंच. पण आपल्या उपविधीप्रमाणे वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी सभासदाला पोचली पाहिजे. ती पोचली का, यावरून आपल्याकडे दर वर्षी सभेचा पहिला अर्धा तास जातो, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. प्रत्येक घराला पेटी झाली, तर तो अर्धा तास तरी वाचेल. आणि पन्नास पेट्या एकदम केल्या, तर वेल्डिंगवाला एकेकट्याला सांगतो त्यापेक्षा कमीच सांगणार.

म्हणून मंडळाला माझ्या तीन विनंत्या. एक, नमुन्याची एक पेटी सोसायटीच्या कार्यालयाबाहेर लावा. महिनाभर आपल्या पोस्टमनला वापरू द्या, आणि तो सांगेल तसा बदल करा. वापरणारा तो आहे. दोन, घर क्रमांकाच्या पाट्या एकसारख्या करा, रात्री दिसतील अशा. तीन, ज्या घरात एकटी म्हातारी माणसं राहतात, त्यांची पेटी सोसायटीच्या खर्चानं आधी बसवा. मुलं पुण्यात, हैदराबादेत, परदेशात आहेत. फाटकापाशी पडलेलं पत्र उचलायला त्यांना वाकता येत नाही, आणि पेटीत तीन दिवस पत्र तसंच दिसलं, तर शेजाऱ्यानं दार वाजवून विचारावं, "काकू, बऱ्या आहात ना?" पूर्वी पोस्टमन ढाळजेत येऊन हेच विचारायचा.

पंचवीस वर्षांत आपण भिंती चांगल्या बांधल्या. आता त्या भिंतींना दहा इंचांची वाट ठेवू. एवढं बोलून मी थांबतो. पुढच्या सभेत हा ठराव आला, तर पहिलं अनुमोदन माझं समजा.