गावाचे रान, देशाची संघटना
(वनसंवर्धन परिषद, सिद्धेश्वर, जि. हिंगोली : स्वागताध्यक्षीय भाषण)



राज्यात सर्वांत कमी वन असलेल्या भागांत मराठवाडा मोडतो. मग वनसंवर्धनाची परिषद इथे कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर इथल्या धरणात आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा नदी अनेक जिल्हे ओलांडून इथे पोचते. वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर ही दोन धरणे तिचे पाणी अडवतात. त्यावर हिंगोली, परभणी, नांदेडची शेती भिजते. पाणलोटातले उतार उघडे पडले, की माती वाहून येते आणि धरणात गाळ साठतो. म्हणजे इथल्या शेतकऱ्याचे पाणी ज्या रानावर अवलंबून आहे, त्यातले बरेचसे त्याच्या गावाच्या शिवारात नाही, जिल्ह्याच्या हद्दीतही नाही. जंगलाचा प्रश्न असा हद्दी ओलांडतो, म्हणूनच देशव्यापी संघटनेची गरज पडते.

अशी संघटना काय करू शकते, हे सह्याद्रीने दाखवले आहे. १९८७ च्या नोव्हेंबरात पश्चिम घाट बचाव पदयात्रेची एक तुकडी नवापूरहून, तर दुसरी कन्याकुमारीहून निघाली आणि १९८८ च्या फेब्रुवारीत दोन्ही गोव्यात एकत्र आल्या. अनेक राज्यांतल्या लहानमोठ्या गटांनी आपापल्या घाटाचे दुखणे सांगितले, तेव्हा ही एकच पर्वतरांग आहे ही जाणीव रुजली. पुढे २०१० मध्ये डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली, त्यामागे या जाणिवेचेही बळ होते. समितीच्या शिफारशी पूर्णपणे अमलात आल्या नाहीत, हे खरे; परंतु घाटावरील पुढची प्रत्येक चर्चा त्या अहवालाला उत्तर दिल्याखेरीज होत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. देशपातळीवरच्या संस्था शहरात बसतात, इंग्रजीत बोलतात आणि जंगलातल्या माणसालाच जंगलाचा शत्रू ठरवतात, असे गावे म्हणतात. काही ठिकाणी तसे घडलेही आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने त्यावर वाट दाखवली. २००६ च्या वनहक्क कायद्यासाठी देशभरच्या आदिवासी व वननिवासी संघटना एकत्र लढल्या. त्या कायद्याच्या आधारे मेंढ्याच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गावाची शिस्त आणि एकमताने निर्णय घेण्याची रीत आधीपासून होतीच. देशव्यापी लढ्याने तिला कायद्याचे पाठबळ दिले. यांपैकी एक जरी नसते, तर दुसरे अपुरे पडले असते.

दुसरा आक्षेप असा, की पोटाचा प्रश्न असताना झाडांची चर्चा कशाला? पण जळण, चारा, डिंक, मोहफूल आणि विहिरीचे पाणी हे पोटाचेच प्रश्न आहेत. हे सारे ज्या रानातून येते, त्यातले सरकारी नोंदीत नसलेले रान सर्वांत आधी जाते. १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोशातील अर्थाने जे वन, त्यालाही वनसंवर्धन कायद्याचे संरक्षण दिले. २०२३ च्या दुरुस्तीने ते आकुंचित होण्याची भीती निर्माण झाली. याचिका दाखल झाल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने जुनीच व्याख्या तूर्त पाळण्यास सांगितले. एकट्या ग्रामपंचायतीने दिल्लीत वकील उभा करायचा तो कशाच्या बळावर?

म्हणून या परिषदेकडे आमचे मागणे स्पष्ट आहे. पूर्णेच्या खोऱ्यातले गायरान, माळ आणि डोंगरउतारांवरचे रान ग्रामसभांच्या मदतीने मोजून नोंदवा, वनहक्काचे दावे भरताना आमच्या गावांच्या पाठीशी उभे राहा आणि इथली माहिती धोरण ठरते तिथे पोचवा. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि राखण हे काम इथल्या ग्रामसभांचे आहे. दोघांनीही आपापला वाटा उचलावा, ही विनंती.