निवृत्तांचा नवा शेजार
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मीरा रोड येथे केलेले भाषण)



आज या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला आणि यंदा सेवानिवृत्त झालेल्या बांधवांनाही शाल व श्रीफळ देण्यात आले. विद्यार्थ्यांना ‘पुढे काय करणार?’ असे ज्याने त्याने विचारले. निवृत्तांना हा प्रश्न कोणी विचारला नाही. ‘आता स्वस्थ विश्रांती घ्या’ एवढेच सर्वजण म्हणाले. तो न विचारलेला प्रश्नच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

विश्रांती ही श्रमांच्या पाठोपाठ येते तेव्हाच गोड लागते. श्रमच उरले नाहीत म्हणजे तिचे रूपांतर आळसात आणि आळसाचे उदासीनतेत होण्यास फार काळ लागत नाही. आपल्या गावी तर या उदासीनतेस एक विशेष कारण आहे. १९८५ साली आसपासच्या ग्रामपंचायती मिळून येथे नगरपरिषद झाली आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत येथील वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. ती २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. म्हणजे आपणांपैकी बहुतेक येथे उपरे. कोणी गिरगावातून आले, कोणी लालबाग-परळहून, तर कोणी थेट कोकणातून. घर येथे झाले. परंतु आयुष्य मात्र चर्चगेटच्या बाजूलाच राहिले.

जरा हिशेब मांडून पाहा. घरातून निघून कचेरीत पोहोचणे आणि परत येणे यांत दिवसाचे तीन तास जातात असे धरा. वर्षाचे ३०० दिवस आणि नोकरीची ३० वर्षे धरली, तर २७,००० तास होतात. हे तीन वर्षांहून अधिक अहोरात्र झाले! या काळात माणसाने जे स्नेही जोडले ते लोकलच्या ठरलेल्या डब्यात. तेथेच भजन झाले, तेथेच दसऱ्याला डबा सजला, मुलीच्या लग्नाचे पेढेही तेथेच वाटले गेले. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी गाडी नेहमीच्या वेळेला सुटते, आणि आपल्या माणसाचे सारे मित्रमंडळ घेऊन निघून जाते. मागे जो राहतो, त्याला आपल्याच मजल्यावरील शेजाऱ्याचे नाव पाटी वाचून सांगावे लागते. पगार थांबला याचे दुःख निवृत्तिवेतनाने काही अंशी भरून निघते. ज्यांना तेही नाही त्यांची अडचण मी जाणतो. परंतु हा तुटलेला शेजार कोणत्याही वेतनाने परत मिळत नाही. तो ज्याचा त्यानेच नव्याने उभा करावयाचा असतो.

तो कसा करावा? ‘मित्र करीन’ म्हणून मित्र होत नाहीत. काही काम हाती घेतले, काही विद्या शिकावयास बसलो, म्हणजे शेजारी बसलेला मनुष्य आपोआप स्नेही होतो. उद्योग, विद्या आणि स्नेह ही तिन्ही एकाच दोराची पेडे आहेत.

या बाबतीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापनातून ते १९१४ साली निवृत्त झाले. १९१६ साली, म्हणजे वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. आपल्या राज्य शासनाच्या सेवेत निवृत्तीचे सर्वसाधारण वय हेच आहे, हे लक्षात घ्यावे! सत्तरी उलटल्यावर त्यांनी जगप्रवास केला. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. आणि १९४४ साली जातिभेद दूर व्हावेत म्हणून समता संघ स्थापन केला. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे तर गिरगावचेच रहिवासी. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि अखेरचा १९६२ साली, म्हणजे त्यांच्या वयाच्या ८२ व्या वर्षी, प्रसिद्ध झाला.

आपण कर्वे किंवा काणे नव्हे, असे कोणी म्हणेल. कबूल आहे. परंतु आपल्या पायाखालची भूमी तरी आपण जाणून घेतली आहे काय? भाईंदरच्या मिठागरांत भरतीचे पाणी कसे घेतात आणि त्याचे मीठ कसे पिकते, हे आपल्यापैकी किती जणांनी जवळून पाहिले आहे? घोडबंदरचा किल्ला, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत गाजलेला धारावीचा किल्ला, उत्तनचे कोळीवाडे, ही सारी एका सकाळच्या अंतरावर आहेत. चार निवृत्तांनी महिन्यातून एकदा तेथे जावे, तेथील जुन्या माणसांशी बोलावे, टिपणे करावीत. पायांस व्यायाम, बुद्धीस खाद्य आणि मनास सोबत, अशी तिन्ही एकदम साधतात. ज्यांचे शिक्षण परिस्थितीमुळे अर्धवट राहिले, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. फ्रान्समधील तुलूझ येथे तर १९७३ साली वृद्धांसाठी स्वतंत्र विद्यापीठच निघाले, आणि ती कल्पना पुढे अनेक देशांत पसरली.

वैद्यकशास्त्रही हेच सांगू लागले आहे. अमेरिकेत हार्वर्ड येथे १९३८ साली सुरू झालेल्या प्रदीर्घ अभ्यासात असे आढळले की, उतारवयातील स्वास्थ्याचा जिव्हाळ्याच्या संबंधांशी फार निकटचा संबंध असतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची, उपाय करता येण्याजोगी १४ कारणे नोंदविली. त्यांत शारीरिक निष्क्रियता, एकाकीपणा आणि न सुधारलेला श्रवणदोष यांचा समावेश आहे. ऐकू येत नाही म्हणून संकोचाने सभेस न येणारे कित्येक वडीलधारे आपल्यातच आहेत. चष्म्याची लाज वाटत नाही, मग कानाच्या यंत्राची का वाटावी?

भगिनींविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. स्त्रीला सेवानिवृत्ती मिळतच नाही. मुलगा व सून नोकरीस जातात आणि नातवंडांचे सारे आजीवर येते. निवृत्त आजोबांनी निदान वरणभाताचा कुकर लावण्यास शिकावे, नातवाला शाळेतून आणावे, आणि आठवड्यातील दोन दुपारी तरी आजीला तिच्या वाचनासाठी, गाण्यासाठी, मैत्रिणींसाठी मोकळ्या ठेवाव्यात. या वयात शिकण्याजोगी याहून मोठी विद्या नाही.

आता संस्थेस दोन शब्द. वार्षिक संमेलन, हळदीकुंकू आणि वधूवर मेळावा एवढ्यावर आपण थांबू नये. आपल्यात बँकांतले, टपाल खात्यातले, शाळांतले आणि कारखान्यांतले अनुभवी लोक आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवून त्यांनी मुलांचा अभ्यास घ्यावा, कोणाचे अर्ज भरून द्यावेत, दूरध्वनीवरून पोलिसांचे नाव सांगून वृद्धांची पुंजी लुबाडणाऱ्या भामट्यांपासून सर्वांना सावध करावे. आणि त्या मुलांनी त्यांना मोबाईल वापरण्यास शिकवावे.

मात्र या संध्याकाळी दार सर्वांना उघडे असावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ज्ञातिबांधव आपणांस वर्षातून चार वेळा भेटतो. मध्यरात्री छातीत कळ आली, तर हाक पोहोचते ती भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यासच. मग तो गुजराती असो, उत्तर हिंदुस्थानी असो, ख्रिस्ती असो वा मुसलमान. त्याची चार वाक्ये आपण शिकावीत, आपली चार त्याला शिकवावीत. ज्ञातीने आपणांस आधार दिला तो परक्या शहरात उभे राहण्यासाठी. त्या शहराला परके ठेवण्यासाठी नव्हे.

आणि तरुणांनो, निवृत्तीची तयारी शेवटच्या दिवशी होत नाही. आठवड्याच्या सुट्टीचा एक तास आजपासूनच आपल्या इमारतीसाठी आणि आपल्या गावासाठी राखून ठेवा. तो तास पुढे तुम्हांला फार मोठ्या व्याजासह परत मिळेल.

 आपणां सर्वांस उद्योगी, आनंदी आणि स्नेहसंपन्न दीर्घायुष्य लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.