पेटीचं माप: आतलं आणि बाहेरचं

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडं आटोपशीर करून दिलं आहे.)



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी ठरवलं. माझ्याआधी आपली मैत्रीण हृदयाच्या शस्त्रक्रियेवर बोलली. त्याच्याआधी जर्मनीहून आलेल्या मित्राने पडद्यावर चित्रं दाखवली. आता मी लाकडी पेट्यांवर बोलणार आहे. जेवण नुकतंच झालंय, तेव्हा कुणाचा डोळा लागला तर मी राग मानणार नाही. वर्गात मीही शेवटच्या बाकावर तेच करत होतो, आणि सर, ते तुम्हाला माहीत होतं.

दहावीनंतर माझं शिक्षण कसं रेंगाळलं ते तुम्ही जाणता. १९८९ साली शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी डिस्पॅचला लागलो. कोल्हापूरच्या फौंड्र्यांमधून ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, गिअरबॉक्सची घरं, इंजिनचे भाग देशभर जातात, परदेशातही जातात. ओतकाम कसं होतं ते बघायला पाहुणे यायचे. तयार झालेला माल गेटबाहेर कसा जातो, ते बघायला कधी कुणी आलं नाही. मी मात्र तेच बघत राहिलो, आणि १९९६ साली स्वतःची शेड टाकली. पॅकिंग करायचं आणि ट्रान्सपोर्टला बुकिंग करून द्यायचं, हा माझा धंदा.

गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न तीस वर्षं एकच आहे. "सुट्टा भाग आठ हजाराचा, आणि पाठवायला चार हजार? सोन्याच्या पेटीत घालतोस काय?"

तर ते चार हजार कुठे जातात, ते आधी सांगतो. ट्रकचा एक जुना, दुरुस्त केलेला गिअरबॉक्स घ्या. वजन दोनशे किलो. माणसांनी तो हाताने उचलायचा नसतो, म्हणून चेन-पुली किंवा हायड्रा लागतो. आतलं ऑइल पूर्ण काढावं लागतं, नाहीतर वाटेत गळून शेजारच्याचा कापडाचा गठ्ठा खराब होतो आणि भांडण आपल्या दारात येतं. मशीन केलेल्या पृष्ठभागांना गंज लागू नये म्हणून गंजरोधक कागद किंवा पिशवी लागते. मग खाली जाड लाकडाचे ठोकळे, म्हणजे फोर्कलिफ्टचे दात खाली शिरतील. त्यावर बोल्टने आवळून बसवलेला गिअरबॉक्स, भोवती पेटी, वर पट्टी. पुढे भाडं, दोन्हीकडची हमाली, बिल्टीचा खर्च, दरवाजापोच पाहिजे असेल तर त्याचे वेगळे. यात सोनं कुठेच नाही, पण प्रत्येक ठिकाणी एक माणूस उभा आहे आणि त्याला मजुरी द्यायची आहे.

आता भाड्याचं गणित, आणि इथे मला आपल्या गणिताच्या सरांची आठवण रोज येते.

सर, तुम्ही एक उदाहरण घालायचा. लाकडी पेटीची बाहेरची मापं दिली आहेत, फळीची जाडी दिली आहे, तर आतलं घनफळ काढा. मी दर वेळी बाहेरच्या मापावर गुणाकार करून मोकळा व्हायचो आणि छडी खायचो. देवाने मला नेमका त्याच उदाहरणात जन्मभर बसवलं.

भाग बसतो तो आतल्या मापात. भाडं लागतं ते बाहेरच्या मापावर. समजा गिअरबॉक्स ७० बाय ५५ बाय ५५ सेंटीमीटर आहे. घनफळ २,११,७५० घन सेंटीमीटर. त्याला चारी बाजूंनी जागा सोडली, फळी धरली, खाली ठोकळे धरले, की पेटी होते ९० बाय ७५ बाय ८५. म्हणजे ५,७३,७५० घन सेंटीमीटर. अडीचपटीहून जास्त! लोखंड तेवढंच, जागा अडीचपट.

कुरिअरवाले काय करतात, लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक ५,००० ने भागतात. विमानाच्या मालाला भाजक साधारण ६,००० असतो. जे उत्तर येईल ते 'घनफळाचं वजन'. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्यावर भाडं. आपल्या पेटीचं उत्तर येतं ११५ किलो. खरं वजन पेटीसकट सव्वादोनशेच्या वर, म्हणून भाडं खऱ्या वजनावर. इथे पेटी मोठी झाली तरी भाड्यात फरक पडतो तो फक्त लाकडाच्या वजनाचा. म्हणून मी सांगतो, जड मालाच्या पेटीत कंजूसपणा करू नका.

उलट बाजू ट्रकच्या बंपरची. समजा २४० बाय ६० बाय ५० चं पॅकिंग आणि वजन तीस किलो. भागाकार केला की १४४ किलो. तीस किलोच्या वस्तूला एकशे चव्वेचाळीस किलोचं भाडं! गिऱ्हाईक म्हणतं, हा लबाड आहे. मी कागद-पेन्सिल पुढे करतो. तिथे पेटीतला एकेक सेंटीमीटर पैसे खातो, म्हणून तिथे घट्ट पॅकिंग करायचं. रस्त्याने माल नेणारे काही जण घनफुटाला अमुक किलो असा हिशेब धरतात, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. म्हणून भाव विचारताना "किलोला किती" एवढंच विचारू नका. "घनफुटाला किती किलो धरता?" हेही विचारा. समोरचा लगेच सरळ बोलायला लागतो.

परदेशी मालाचं आणखी गमतीचं. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. बिडाचं लोखंड एका घनमीटरला सात टनांच्या वर भरतं. म्हणजे भरीव बीड चार घनमीटर झालं की कंटेनरची वजनाची मर्यादा जवळपास संपते आणि बाकीची खोली रिकामी! पहिल्यांदा असा कंटेनर बघितला तेव्हा वाटलं, मालकाचं डोकं फिरलंय, अर्ध्याहून जास्त डबा हवा भरून पाठवतोय. नंतर कळलं, लोखंडाच्या बाबतीत जागा विकत घेतली जात नाही, वजन घेतलं जातं. आणि ते वजन एका कोपऱ्यात ठेवलं तर डब्याचा तळ दाद देत नाही, ते पसरून ठेवावं लागतं. जुलै २०१६ पासून तर भरलेल्या कंटेनरचं खरं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत.

पेटीच्या लाकडालाही परदेशात पासपोर्ट लागतो. लाकडातून किडे जाऊ नयेत म्हणून ते असं तापवतात, की गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे. मग त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का मारतात. शिक्का नसेल तर आत लाखाचा माल असला तरी बंदरावर तो अडकू शकतो. पन्नास पैशांच्या भुंग्यासाठी लाखाचा माल अडतो, हे आमच्या फौंड्रीच्या मालकांना पटायला दोन वर्षं लागली.

इथपर्यंत तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता जे सांगणार आहे ते हसण्यासारखं नाही. ज्याच्याबद्दल सांगणार आहे त्याला मी गेल्या आठवड्यात विचारलं. तो म्हणाला, "नाव घेऊ नको, बाकी सगळं सांग."

२००९ सालची गोष्ट. आपल्याच वर्गातला एक मित्र. कर्ज काढून त्याने एक ट्रक घेतला होता आणि स्वतः चालवायचा. विदर्भात भाडं घेऊन गेला असताना नागपूरजवळ त्याचा गिअरबॉक्स गेला. त्याच्या विश्वासातला मिस्त्री कोल्हापूरचा. मिस्त्रीकडे दुरुस्त केलेला गिअरबॉक्स तयार होता, तिथल्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. मित्राने मला फोन केला. म्हणाला, "तू पाठव. लवकर पाठव आणि कमी खर्चात बसव. खिशात फार नाही."

मी कमी खर्चात बसवलं. पेटी केली नाही. खाली दोन पट्ट्या ठोकल्या, वरून गोणपाट गुंडाळलं, दोरीने आवळलं. साधारण अठराशे रुपये वाचवले. त्याचे वाचवले असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवशी माझ्याकडे फौंड्रीची मोठी ऑर्डर होती आणि सुतार मोकळा नव्हता.

गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट बाहेर आलेला असतो आणि तोंडाचं घर बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं. हे मला पक्कं माहीत होतं. नागपूरला जाताना माल वाटेत दोनदा गाडी बदलतो, हेही माहीत होतं. रात्री गोडाऊनवर हायड्रा नसतो. फाळका उघडतात, खाली जुना टायर टाकतात आणि माल त्यावर सोडतात. हमालांचा त्यात दोष नाही, दोनशे किलो ते दुसरं कसं उतरवणार? टायरवर तो पडला तोंडावर. नागपूरला पोचला तेव्हा घराचे दोन कान फुटलेले आणि शाफ्ट वाकलेला.

त्याने फोन केला. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बिल्टीवर बघ. ओनर्स रिस्क लिहिलंय."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी बिल्टी वाचून माल दिला नव्हता. तुला ओळखून दिला होता." आणि फोन ठेवला.

ट्रक अकरा दिवस उभा राहिला. तिथून दुसरा गिअरबॉक्स त्याने उसने पैसे काढून घेतला. हप्ते थकले. पुढच्या वर्षी त्याने ट्रक विकला. केवळ या एका गोष्टीने विकला असं तोही म्हणत नाही, डिझेल होतं, धंद्यातली मंदी होती. पण त्या अकरा दिवसांचा धक्का माझ्या दोन पट्ट्यांचा होता. दहा वर्षं आम्ही बोललो नाही. गावात समोरून आला तर मी गाडीचा आरसा पुसायला लागायचो.

कायद्याने बघितलं तरी मी त्याला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नव्हतं. आताच्या नियमांनुसार मालाची जास्त किंमत आधी जाहीर करून वाढीव दर भरला नाही, तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. म्हणजे अडीच हजार भाडं असेल तर फार तर पंचवीस हजार. साठ हजाराचा माल असेल तर उरलेले पस्तीस तुमचे. म्हणून विमा काढायचा, किंमत लिहायची, हे गिऱ्हाईकाला बुकिंगच्या आधी सांगायचं असतं. माल फुटल्यावर बिल्टी वाचून दाखवणं याला सांगणं म्हणत नाहीत.

त्यानंतर माझ्या शेडमध्ये एक बदल झाला. गिऱ्हाईकाला मी आता आधी वस्तूची किंमत विचारत नाही. विचारतो, "हा भाग पोचला नाही तर तिकडे काय थांबेल?" कुणाचा ट्रक थांबतो, कुणाचा ऊसतोडणीचा ट्रॅक्टर, कुणाच्या कारखान्याची एक पाळी. त्या थांबण्याचा दिवसाचा खर्च आणि पेटीचा खर्च मी एकाखाली एक लिहून देतो. बहुतेक लोक मग घासाघीस करत नाहीत. जे करतात, त्यांना मी नम्रपणे दुसरीकडे पाठवतो. धंदा थोडा कमी झाला. झोप चांगली लागते.

२०१९ साली मी त्याच्या घरी गेलो. गिअरबॉक्सचे पैसे आणि अकरा दिवसांचा माझ्या अंदाजाने हिशेब, पाकिटात घालून. मला वाटलं होतं तो म्हणेल, अरे राहू दे, जुनी गोष्ट. सिनेमात तसं होतं. त्याने पाकीट घेतलं, पैसे मोजले, आणि म्हणाला, "दोन दिवसांचे कमी धरलेस. मी नऊ नाही, अकरा दिवस थांबलो." मी उरलेले दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. मग त्याने चहा टाकायला सांगितला. त्याने ते पैसे घेतले याचं मला जितकं बरं वाटलं, तितकं माफीने वाटलं नसतं.

(सभागृहात टाळ्या.)

टाळ्या नकोत. सरांनी घातलेलं उदाहरण मी चाळीस वर्षांनी बरोबर सोडवलं, एवढंच. हिशेब करताना आपण सगळे बाहेरचं माप धरतो, कारण ते टेपने मोजता येतं. आतलं माप काढायला जाडी वजा करावी लागते. सर, माझी जाडी जरा जास्त होती.

जाता जाता कामाचं. तुमच्यापैकी कुणाला मुलाकडे यंत्र पाठवायचं असेल, गावाकडून पुण्याला मोटर न्यायची असेल, तर पाठवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, किंमत लिहून द्या, आणि पेटीवर वरची बाजू कुठली ते मोठ्या अक्षरात मराठीत आणि हिंदीत लिहा. रात्री दोन वाजता गोडाऊनवर ते वाचणाऱ्या माणसाला इंग्रजी बाण कळेलच असं नाही. आणि भाव पटला नाही तर माझ्याशी खुशाल भांडा. मित्र म्हणून सूट मागू नका. ती मी एकदा दिली आहे.

ज्याची गोष्ट सांगितली तो इथेच बसलाय. कोण ते शोधू नका. त्याने शब्द घेतलाय, आणि या वेळी मी बिल्टी दाखवणार नाही.