माहिती आणि मन

म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये याच नगरीत, आपल्या निवासस्थानी, ‘आकाशवाणी’ हे खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले. मनाचा अभ्यासक माहितीच्या प्रसाराकडे वळला, हा योग अर्थपूर्ण आहे. कारण माहिती कानी पडणे आणि ती मनाला पटणे या भिन्न गोष्टी आहेत.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी अफवांचा अभ्यास केला. जेथे धक्के जाणवले, परंतु हानी झाली नाही, तेथेही अधिक भीषण संकटाच्या वार्ता पसरल्या होत्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये त्याचा अर्थ असा लावला, की या अफवा मनात आधीच दाटलेल्या भीतीला कारण पुरवीत होत्या.

लसीकरणाविषयीच्या शंकांकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. भयभीत पालकांचे केवळ आकडेवारीने समाधान होत नाही. त्यांना अडाणी ठरविले, तर ते आपल्या भीतीला अन्यत्र आधार शोधतात. म्हणून आशा कार्यकर्तीने प्रथम विचारावे, “तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?” शांतपणे ऐकून घ्यावे. माहिती त्यानंतर द्यावी.