उन्हावर फोन, टॉर्च आणि फवारणीचा पंप चार्ज करताना



विषय तसा छोटा आहे. रानात, वाटेवर, बाजारात किंवा वारीत असताना आपला फोन, टॉर्च आणि फवारणीचा पंप उन्हावर कसा चार्ज करावा, एवढंच आज सांगायचं आहे. पण चार्जिंग संपलं की काय अडतं, ते खेड, जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. शेतीपंपाची वीज जिथे रात्री येते, तिथे माणूस रात्रीच दारं धरायला जातो. उसात बिबट्या असतो. अशा वेळी टॉर्च मंद झाली आणि फोनही मेला, तर वनखात्याचा १९२६ किंवा पोलिसांचा ११२ नंबर पाठ असून काय उपयोग?

दुसरी गोष्ट ई-पीक पाहणीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली, आणि पिकाचा फोटो बांधावर उभं राहून आपल्यालाच काढावा लागतो. २०२३ साली कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झालं, तेव्हा सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून किती जणांना हेलपाटे पडले, ते चाकण बाजारात कांदा घालणाऱ्यांना आठवत असेल. चाकणच्या चौकात कांद्याची गाडी तासन् तास अडकते, त्या वेळी आडत्याला फोन करायचा तर फोन चालू पाहिजे.

कंपन्यांच्या पट्ट्यात राहून चार्जिंगची कसली अडचण, असं कुणी म्हणेल. निघोजे, महाळुंगे, कुरुळीच्या रस्त्याकडेला खरोखरच अडचण नाही. पण घर वस्तीवर, रान दोन कोसांवर, आणि पश्चिमेला भामा आसखेडच्या वर किंवा भीमाशंकरच्या वाटेला लागलं, की पावसाळ्यात वीज गेली तर ती कधी येईल याचा नेम नसतो. मेंढपाळांचं तर घरच चालतं. दिवाळीनंतर कळप घेऊन ते आपल्या रानात बसायला येतात, तेव्हा बघा, आता घोड्याच्या पाठीवर भांड्याकुंड्यांच्या जोडीला सोलरची प्लेटही बांधलेली दिसते. त्यांना हे शहाणपण गरजेनं आलं.

आता प्लेट कशी काम करते, ते थोडक्यात ऐका. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर ऊन पडलं की तिच्यात वीज वाहू लागते. अशी पहिली कामाची चकती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाली. ती उन्हातल्या शंभर भागांपैकी साधारण सहा भागांचीच वीज करत असे. आजची चांगली प्लेट वीस भागांपर्यंत करते. हा वीसचा आकडा ध्यानात ठेवा, कारण बाजारातली फसवणूक त्यावरूनच पकडता येते.

भर दुपारी स्वच्छ ऊन असेल, तर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर सुमारे १००० वॅट ऊन पडतं. त्याचे वीस टक्के म्हणजे २०० वॅट. याच हिशेबानं आपली एक वीत लांब आणि एक वीत रुंद प्लेट घेतली, तर ती फार तर १० वॅटची होते. याहून जास्त ती देऊच शकत नाही, वेष्टनावर काहीही छापलेलं असो. तेव्हा दुकानात गेलात की आधी वीत लावा. तळहाताएवढ्या प्लेटवर '२० वॅट' लिहिलेलं असेल, तर ती वस्तू खाली ठेवा आणि पुढं चला.

पाठीवर चिमुकली प्लेट चिकटवलेली पॉवर बँक सध्या जत्रेत, बाजारात फार विकली जाते. तिचा हिशेब करू. १०,००० मिलीअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास वीज मावते. पाठीवरची प्लेट जेमतेम दीड-दोन वॅटची. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली, तर रोज साधारण पाच तास भर उन्हाएवढं ऊन मिळतं. वाटेतली तूट वजा केली, तर ती पॉवर बँक रिकामी असताना भरायला आठवडा लागतो. शिवाय प्लेट उन्हात ठेवायची म्हणजे तिला चिकटलेली बॅटरीही उन्हात तापणार, आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. ४५ अंशांच्या वर गेल्यावर तिला चार्ज करणं धोक्याचं असतं. माझ्या मते हा पैसा वाया आहे.

त्यापेक्षा प्लेट वेगळी घ्यावी आणि पॉवर बँक वेगळी. घडी घालता येणारी १० ते २० वॅटची, फोनची वायर सरळ लागेल अशी ५ व्होल्टची प्लेट पिशवीत राहते. पॉवर बँक साधीच, पण भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीची असावी. 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडे असा क्रमांक तिच्यावर छापलेला असतो, तो बघूनच घ्या. ही नोंदणी सक्तीची आहे. ज्या मालावर ती नाही, तो स्वस्त का मिळतो हे वेगळं सांगायला नको.

आजच्या साध्या ५००० मिलीअँपिअर-तासांच्या फोनला सुमारे १९ वॅट-तास लागतात, तूट धरून २५ समजा. १० वॅटची प्लेट प्रत्यक्षात ७ वॅटच्या आसपास देते, कारण प्लेट तापली की तिची वीज उतरते. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण अर्ध्या टक्क्याला थोडी कमी अशी ही घट असते, आणि उन्हातली प्लेट ५५-६० अंशांवर सहज जाते. तरी साडेतीन-चार तासांच्या चांगल्या उन्हात रिकामा फोन भरतो. म्हणजे सकाळी नऊला खुरपणीला लागलात, तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम झालं.

पण फोन थेट प्लेटला लावू नका, असं मी सांगेन. ढग आला की वीज तुटते, ढग गेला की पुन्हा येते, आणि काही फोन एकदा तुटल्यावर परत चार्ज व्हायला लागतच नाहीत. दिवसा प्लेटवर पॉवर बँक भरावी आणि रात्री तिच्यावर फोन आणि टॉर्च लावावा. प्लेट उन्हात, पॉवर बँक मात्र सावलीत, पिशवीखाली किंवा बांधावरच्या झाडाच्या बुंध्याशी. ट्रॅक्टरच्या बंद पेटीत ठेवाल तर भाजून निघेल.

प्लेट कुणीकडे तोंड करून ठेवायची? दक्षिणेकडे. आपला भाग विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेअठरा-एकोणीस अंशांवर आहे. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, त्या वेळी प्लेट चांगली उभट, चाळीस अंशांच्या आसपास टेकवावी. मे ते जुलैमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा ती आडवी ठेवली तरी चालते. चालताना पाठीवर बांधली तर मिळेल तेवढी वीज आपली, पण भरवसा ठेवू नये. आणखी एक, प्लेटच्या एका कोपऱ्यावर जरी फांदीची सावली पडली, तरी कोपऱ्यापुरतीच वीज जाते असं नाही. चकत्या एकीला एक जोडलेल्या असतात, एक झाकली की सगळ्यांचा ओघ अडतो. एका मोरीत दगड अडकला की पुढचा सगळा पाट कोरडा पडतो, तसंच हे. धूळ बसली तर ओल्या फडक्यानं पुसा, मातीनं घासू नका.

वारकरी बंधूंसाठी इथे दोन शब्द. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालखी निघते, म्हणजे नेमकी पावसाच्या तोंडावर. दाट ढगात प्लेट चौथाई वीजही देत नाही. म्हणून निघताना पॉवर बँक घरीच पूर्ण भरून घ्या, प्लेट जोडीला ठेवा, आणि दिंडीत चौघांत मिळून एक मोठी प्लेट ट्रकच्या टपावर बांधलीत तर ते जास्त सोयीचं.

आता फवारणी पंप. पाठीवरच्या बॅटरी पंपात बहुधा १२ व्होल्टची, ८ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. म्हणजे ९६ वॅट-तास. तिला १० वॅटची प्लेट पुरत नाही. २० वॅटची घेतली तर दीड दिवसाच्या उन्हात भरते. मात्र १२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी प्लेट उन्हात १७-१८ व्होल्ट देते. म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर बसवलाच पाहिजे, नाहीतर बॅटरी उकळेल. ही प्लेट फोनला कधीही सरळ जोडू नका, फोन जळेल. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की आतून मरते. फवारणी संपल्यावर पंप कोपऱ्यात टाकून देऊ नका, महिन्यातून एकदा तरी तिला ऊन दाखवा. द्राक्ष-भाजीपाल्यावाले हे जाणतात, आपले कांदेवाले विसरतात.

दुरुस्तीची भीती वाटते म्हणून बरेच जण सोलरला हात लावत नाहीत. मुंबईच्या आयआयटीने २०१४ च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांचं काम हाती घेतलं. महाराष्ट्रासह काही राज्यांत खेड्यातल्याच माणसांना शिकवून ते दिवे जुळवले आणि दुरुस्त केले गेले. निम्म्या वेळा बिघाड असतो तो वायरीत किंवा पिनेत. आपल्या घरातलं पोर एमआयडीसीत फिटर नाहीतर वायरमन असेल, तर सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडून वायर तपासून घ्या.

फुगलेली पॉवर बँक वापरू नका, तिला भोक पाडू नका, चुलीत किंवा उकिरड्यावर तर मुळीच टाकू नका, पेट घेते. कोरड्या वाळूच्या डब्यात घरापासून लांब ठेवा आणि पिंपरी-चिंचवडला कामानिमित्त जाल तेव्हा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. शिशाची जुनी बॅटरी मात्र नवी घेताना दुकानदार परत घेतो आणि तिचे पैसेही वळते करतो, ते सोडू नका.