हार्ड डिस्क बिघडूं लागते तेव्हां

संसाराचें दप्तर पूर्वीं लाकडी पेटींत असे. खरेदीखतें, जन्मपत्रिका, जुनीं पत्रें आणि दोनचार छायाचित्रें एवढाच त्याचा पसारा. पेटीला वाळवी लागली तर चार पानें खाल्लीं जात. बाकीचीं हातीं राहत. आज तेंच दप्तर लॅपटॉपमधील तळहाताएवढ्या हार्ड डिस्कवर सांठविलेलें असतें. ती बंद पडली, कीं मुलाच्या बारशाचीं छायाचित्रें, दिवंगत वडिलांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण आणि प्राप्तिकराचे कागद हें सारें एकदम जाऊं शकतें. म्हणून अशा वेळीं काय करावें, आणि विशेषतः काय करूं नये, हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास ठाऊक असलें पाहिजे.

हार्ड डिस्कची रचना ग्रामोफोनची आठवण करून देते. आंत ॲल्युमिनियमच्या किंवा कांचेच्या, चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. लॅपटॉपमधील पुष्कळशा डिस्कांत त्या मिनिटास ५,४०० फेरे घेतात. ग्रामोफोनची सुई तबकडीस टेकते. येथील वाचणारें टोंक मात्र तबकडीपासून अवघ्या कांहीं नॅनोमीटर अंतरावर हवेच्या थरावर तरंगत असतें. माणसाचा केंस या अंतराच्या हजारों पट जाड असतो. धक्क्यानें तें टोंक तबकडीस घासलें, तर लेप खरवडला जातो आणि तेथील मजकूर कायमचा नष्ट होतो.

बिघाडाचीं लक्षणें ओळखतां येतात. फाईल उघडण्यास विनाकारण विलंब लागतो, नक्कल करतांना काम मध्येंच अडतें, किंवा आंतून टक् टक् असा आवाज येतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदहि ठेवते. त्या व्यवस्थेस ‘स्मार्ट’ म्हणतात. गूगलच्या संशोधकांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणींत पहिली चूक आढळल्यावर पुढील ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो, असें त्यांस दिसून आलें. परंतु त्याच अभ्यासांत बंद पडलेल्या डिस्कांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांनीं त्या नोंदींतील चार प्रमुख लक्षणांपैकीं एकहि दाखविलेलें नव्हतें. सूचना मिळाली तर तें भाग्य समजावें. तिच्या भरंवशावर मात्र राहूं नये.

लक्षण दिसतांच प्रथम नक्कल, मग दुरुस्ती, हा क्रम कधींहि मोडूं नये. पुष्कळ लोक घाबरून आधीं दुरुस्तीचा प्रोग्राम चालवितात किंवा विंडोज नव्यानें घालतात. त्या श्रमानें दुबळी डिस्क अधिकच खचते, आणि नव्या लेखनाखालीं जुना मजकूर पुसला जातो. नक्कल करतांना जें पुन्हां मिळणार नाहीं तें आधीं घ्यावें: छायाचित्रें, ध्वनिमुद्रणें, कागदपत्रें. प्रोग्राम पुन्हां मिळतात. नक्कल बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवरच करावी. ‘सी’मधून ‘डी’मध्यें ठेवलेली प्रत बहुधा त्याच तबकडीवर असते, आणि तबकडी बुडाली म्हणजे दोन्ही बुडतात. जाणकार माणूस हाताशीं असल्यास जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरावा. तो निर्दोष भाग आधीं उचलून घेतो व बिघडलेल्या भागाकडे मागाहून वळतो. टक् टक् चालूच राहिली, तर मात्र संगणक तात्काळ बंद करावा, झांकण उघडूं नये, आणि मजकूर मोलाचा असल्यास डिस्क तज्ज्ञाकडे सोंपवावी.

नवी डिस्क बसविण्याचें काम त्यामानानें सोपें आहे. जुन्या पद्धतीच्या लॅपटॉपांत अडीच इंची डिस्क असते; घेतांना जाडी ७ कीं ९.५ मिलिमीटर तें पाहावें. कांहीं नव्या यंत्रांत सांठवण मुख्य फलकावरच डाखलेली असते. ती घरीं बदलतां येत नाहीं. बिटलॉकरचें कुलूप असल्यास त्याची रिकव्हरी की आधींच कागदावर लिहून ठेवावी. हल्लीं बहुतेक लोक एसएसडी घेतात. तींत फिरणारे भाग नसल्यानें ती वेगवान व धक्क्यास कणखर असते. पण तीहि बिघडते, आणि बिघडतांना आवाज करीत नाहीं. जुनी डिस्क कांहीं महिने तशीच जपून ठेवावी.

केवळ बॅकअप असणें पुरेसें नाहीं. १९९८ सालीं अमेरिकेंतील पिक्सार या संस्थेंत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचें काम चालू असतां, एका चुकीच्या आज्ञेनें त्याचा बराच भाग पुसला गेला. बॅकअप होता, पण तो सदोष निघाला. तांत्रिक कामावर देखरेख करणाऱ्या गेलिन ससमन या बाईंना बाळंतपणानंतर घरूनच काम करतां यावें म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत ठेवलेली होती. तिच्यामुळें चित्रपट वांचला. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें प्रसिद्धीस आणलेला नियम हाच धडा देतो: प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि एक प्रत घराबाहेर.

गृहस्थानें महिन्यांतील एक दिवस या कामासाठीं ठरवावा. त्या दिवशीं बाहेरची डिस्क जोडून नवी नक्कल घ्यावी, तींतील पांचसहा फाईली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या, आणि मग ती काढून कपाटांत ठेवावी. या कामास जातो तो एखादा तास.