पायाखालची फुलं

छायाचित्रणाविषयी आकाशवाणीवर बोलायचं, ही जरा गमतीचीच गोष्ट आहे. कारण मी काढलेला एकही फोटो तुम्हाला इथून दाखवता येणार नाही. पण आज ज्या फोटोविषयी सांगणार आहे, तो कुणाला दाखवूच नये असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. त्यामुळे आकाशवाणी हीच त्याला योग्य जागा.

फोटो आहे कास पठारावरचा, १९९६ सालच्या सप्टेंबरमधला. साताऱ्यापासून पठार साधारण पंचवीस किलोमीटर. मी तेव्हा शाळेत शिक्षक होतो. मित्राकडून उसना आणलेला कॅमेरा आणि छत्तीस फोटोंचा एक रोल, एवढी माझी सामग्री. रोल धुऊन प्रती काढायलाही पैसे पडत, म्हणून एकेक फोटो जपून काढायचा.

धुकं नुकतंच वर चाललं होतं आणि सगळं पठार जांभळं-निळं झालं होतं. ही ‘सीतेची आसवं’. वीतभरही उंची नाही, पण लाखोंच्या संख्येनं फुलली की जमीन दिसत नाही. मधे एक खडकाचा उंचवटा होता. तिथून मागे वळून फोटो घेतला तर धुकं, फुलं आणि दूरचा रस्ता एकत्र येईल, असं मनात आलं आणि मी सरळ चालत निघालो.

जवळच एक आजोबा म्हशी राखत होते. साताऱ्याकडे चष्मेवाला माणूस दिसला की तो गुरुजीच. ते हाक मारून म्हणाले, ‘‘गुरुजी, लांबचं बघताय, पायाखालचं बी बघा की!’’ घसरू नका असं सांगताहेत, अशी माझी समजूत झाली. मी हात हलवून हसलो आणि पुढे गेलो.

फोटो झकास आला. मोठा करून, चौकटीत बसवून मी तो बैठकीच्या खोलीत लावला. येणारा-जाणारा कौतुक करी. चारेक महिन्यांनी सातवीतला एक विद्यार्थी वही दाखवायला घरी आला. फोटोकडे बराच वेळ बघून त्यानं विचारलं, ‘‘सर, ही वाट कुणी पाडली?’’

मी जवळ जाऊन पाहिलं. जांभळ्या फुलांमधून रस्त्यापासून थेट फोटोच्या खालच्या कडेपर्यंत एक वाकडी, काळपट रेघ आली होती. ती वाट माझीच होती. आजोबा काय सांगत होते, ते मला त्या दिवशी कळलं.

आता तुम्ही म्हणाल, फुलंच ती, पुढच्या वर्षी पुन्हा येतील. मलाही तसंच वाटलं असतं. पण त्यानंतर मी वनस्पतीशास्त्राची पुस्तकं वाचू लागलो, जाणकारांबरोबर हिंडू लागलो. सुमारे १२०० मीटर उंचीवरचं हे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा एक सडा. त्यावर माती अगदी पातळ, कुठे बोटभर तर कुठे तेवढीही नाही. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात खडक तापतो. मातीत नायट्रोजन इतका कमी की काही वनस्पती किडे पकडून तो मिळवतात. दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. आणि आपली नाजूक सीतेची आसवं जमिनीखालच्या बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव अडकवतात. यांचं सगळं आयुष्य एका पावसाळ्याचं. फुलायचं, बी टाकायचं आणि संपायचं. बी पडण्याआधी आपला बूट पडला, तर तिथलं पुढच्या वर्षीचं फूल आपण आजच तुडवलेलं असतं. सह्याद्रीतल्या कारवीचं तर आणखी अवघड. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून मरून जाते.

२०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यात कास आहे. नाव झालं, तशी गर्दीही झाली. पूर्वी कॅमेरा शंभरात एकाकडे असे, आता तो प्रत्येकाच्या खिशात आहे. मी एकट्यानं एक वाट पाडली होती. हजारो लोक आपापल्या फोटोसाठी चार-चार पावलं आत गेले तर काय होईल, याचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून हंगामात रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली. आसपासच्या गावांतली मंडळीच ही व्यवस्था सांभाळतात. त्यांनी शिट्टी वाजवली तर राग मानू नका. माझ्या वेळी शिट्टी नव्हती, नुसती हाक होती.

मग फोटो काढायचेच नाहीत का? जरूर काढा. मीही काढतो. फक्त पायवाट सोडत नाही. वाटेच्या कडेला इतकी फुलं असतात की एक सकाळ पुरत नाही. वाटेवरच बसावं, कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणावा. तांदळाची छोटी पिशवी टेकू म्हणून पुरते. उन्हापेक्षा ढगाळ उजेड फुलांना मानवतो. सावली गडद असेल तर पांढरा कागद धरावा. दूरचं फूल हवं असेल तर दूरचं भिंग वापरावं, आणि ते नसेल तर फूल डोळ्यांनी पाहून सोडून द्यावं. चांगल्या कोनासाठी शेजारचं गवत उपटणं, फूल तोडून हातात धरणं, हे करू नये.

पक्ष्यांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. झुडपातलं बुलबुलाचं घरटं नीट दिसावं म्हणून कुणी चार पानं बाजूला करतं. फोटो मिळतो, पण त्या पानांनीच पिल्लांना उन्हापासून आणि कावळ्याच्या नजरेपासून लपवलेलं असतं. घरट्याचे फोटो काढणं मी सोडूनच दिलं आहे.

आणखी एक. कंदीलपुष्पाच्या काही जाती सह्याद्रीबाहेर कुठेच सापडत नाहीत, आणि त्यांचे कंद खाण्यासाठी खणले जातात. असं दुर्मीळ फूल सापडलं तर फोटो सगळ्यांना दाखवा, पण नेमकी जागा सांगू नका. हल्ली मोबाइल ही जागा फोटोबरोबर आपोआप नोंदवतो. ती सोय आधी बंद करा.

तो जुना फोटो मी एकदा भिंतीवरून काढला होता. पुढे निवृत्तीनंतर मुलांना पठारावर न्यायला लागलो, तेव्हा पुन्हा लावला. सहलीच्या आदल्या दिवशी मुलं घरी जमतात. मी त्यांना काहीच सांगत नाही, फक्त फोटोसमोर उभं करतो. थोड्या वेळानं त्यांच्यातलं कुणीतरी विचारतंच, ‘‘आजोबा, ही वाट कुणी पाडली?’’

मग मी सांगतो. दर वेळी सांगताना थोडी लाज वाटते. पण दुसऱ्या दिवशी पठारावर ती मुलं खाली बघून चालतात.